कोयीचे मोल

आमरसाचे जेवण आटोपल्यावर कोयी फेकून न देता त्या धुऊन वाळवायच्या, आतील मगज उकडून, कातरून तुपात परतायचा आणि मीठ घालून मुखवास करायचा, ही रीत अनेक गुजराती घरांत आजही पाळली जाते. गृहिणींनी जपलेल्या याच मगजाकडे उद्योगजगत निराळ्या दृष्टीने पाहते.

जातीनुसार आंब्याच्या वजनाचा दहा ते पंचवीस टक्के भाग कोयीचा असतो. रस काढणाऱ्या कारखान्यांच्या आवारात त्यामुळेच कोयींचे ढीग साचतात. वाळलेल्या मगजात साधारणतः सात ते पंधरा टक्के स्निग्धांश असतो. स्टिअरिक व ओलिइक ही त्यातील प्रमुख मेदाम्ले असल्याने तो कोको बटरशी मिळताजुळता ठरतो. युरोपीय संघाने 2000 साली चॉकलेटमध्ये 5 टक्क्यांपर्यंत ज्या सहा वनस्पतिजन्य स्निग्ध पदार्थांना मान्यता दिली, त्यांत आंब्याच्या कोयीबरोबर साल आणि कोकम यांच्या बियांचाही समावेश आहे. साबण व सौंदर्यप्रसाधनांतही हा स्निग्धांश वापरला जातो.

तथापि व्यापाऱ्याने आधी वजनाचा हिशेब मांडावा. 1,000 किलो ओल्या कोयींतून निम्मा, म्हणजे 500 किलो मगज निघाला, वाळवल्यावर तो 250 किलो उरला आणि त्यात दहा टक्के स्निग्धांश धरला, तर हाती येतो केवळ 25 किलो. ओल्या कोयी दूरवर वाहून नेणे म्हणजे कवचाचे आणि पाण्याचे भाडे भरणे होय. म्हणून फोडणे व वाळवणे ही कामे कारखान्याजवळच व्हावयास हवीत.

विलंबाचा तोटा त्याहून मोठा आहे. ओल्या मगजातील विकरे स्निग्धांशाचे विघटन करतात, त्याची आम्लता वाढते, बुरशीही धरते. असा माल शुद्ध करताना घट वाढते आणि भाव पडतो. कोकणात हे काम पावसाच्या तोंडावर येत असल्याने निव्वळ उन्हावर विसंबून चालत नाही. वाळवणीयंत्राचा खर्च आरंभीच हिशेबात धरावा लागतो.

पुढील टप्पा हेक्झेन या द्रावकाचा. वाळलेल्या मगजाचे पोहे करून त्यांतून हेक्झेन फिरवतात; ते स्निग्धांश विरघळवून घेते. मग ऊष्णतेने द्रावक वेगळे करून पुन्हा वापरतात. हेक्झेन अत्यंत ज्वालाग्राही असल्याने हे काम परवानाधारक कारखान्यांचेच. लहान उद्योजकाने स्वच्छ, वाळका मगज पुरवण्यापर्यंतच पाऊल टाकणे शहाणपणाचे.

उरलेल्या पेंडीत पिष्ट विपुल असते, परंतु टॅनिनमुळे ती तुरट लागते आणि पशुखाद्यात तिचा वापर मर्यादित राहतो. पाणीमिश्रित अल्कोहोलने टॅनिन व गॅलिक आम्लासारखी पॉलिफेनॉल संयुगे काढून घेतली, तर एकाच प्रक्रियेतून दोन लाभ होतात. तेलाचा खवटपणा लांबवणारा अर्क मिळतो आणि पेंडीचा तुरटपणाही घटतो. मात्र या गुणावरून औषधी दावे करणे उचित नव्हे.

सारांश, केवळ 25 किलो स्निग्धांशाच्या बळावर हा व्यवसाय उभा राहणे कठीण. स्निग्धांश, अर्क आणि पेंड या तिन्हींना गिऱ्हाईक मिळाले, तरच जमेची बाजू भरते. कोय फुकट मिळते. तिला वेळेवर वाळवण्यात मात्र खरे भांडवल लागते.