थरच्या वाळवंटात सायकलींचा ताफा

राजस्थानातले पोखरण ते जैसलमेर हे अंतर सुमारे 110 किलोमीटर. सरावलेल्या गटाला ते एका दिवसात जमते, पण हिवाळ्यात, आणि उजाडताच निघाले तर. इथला खरा धोका डोळ्यांना दिसत नाही. कोरड्या हवेत घाम लगेच उडून जातो, अंग कोरडेच राहते आणि शरीरातले पाणी घटतेय हे कळतच नाही. म्हणून तहानेची वाट न पाहता थोडे थोडे पाणी पीत राहावे. सोबत खारे काहीतरी खावे. समोरून वारा आला की एकामागोमाग चालवावे. पुढचा वारा अडवतो, मागच्यांचे कष्ट वाचतात. पुढची जागा मात्र आळीपाळीने घ्यावी. गटाने जाण्यातले हेच मला सर्वांत मोलाचे वाटते. विसाव्याला रस्ता सोडताना सायकल उचलून न्या: विलायती बाभळीचा काटा टायर सहज भेदतो.