ब्यूलर हे आडनाव आणि वत्सगुल्माची वंशावळ

जर्मन भाषेत ‘ब्यूल’ म्हणजे लहान टेकडी. त्यास ‘एर’ हा प्रत्यय लागून ‘ब्यूलर’, म्हणजे टेकडीपाशी राहणारा अथवा ब्यूल नामक गावचा, हे आडनाव सिद्ध झाले. मराठीतील ‘कर’ या प्रत्ययाचे कार्य बहुतांशी असेच आहे. परंतु टेकड्या पुष्कळ आणि ब्यूल नावाची गावेही अनेक; त्यामुळे हे आडनाव ठिकठिकाणी स्वतंत्रपणे रूढ झाले. विदर्भातील उदाहरण घ्यावयाचे तर एखाद्या कारंजकर घराण्याचे मूळ वाशीम जिल्ह्यातील कारंजा (लाड) येथे असू शकेल, तसेच वर्धा जिल्ह्यातील कारंजा (घाडगे) येथेही असू शकेल.

व्हिएन्ना विद्यापीठात या आडनावाचे दोन विख्यात प्राध्यापक होऊन गेले. प्राच्यविद्यापंडित गेओर्ग ब्यूलर (१८३७–१८९८) हे हॅनोव्हर राज्यातील बोर्स्टेलचे. तेथे जाण्यापूर्वी ते १८६३ पासून मुंबईच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयात अध्यापन करीत. मानसशास्त्रज्ञ कार्ल ब्यूलर (१८७९–१९६३) हे बाडेनमधील. १९३४ मधील त्यांचा भाषासिद्धान्तावरील ग्रंथ प्रसिद्ध आहे. त्यांच्या पत्नी शार्लोट (१८९३–१९७४) याही मानसशास्त्रज्ञ; त्यांस हे आडनाव विवाहाने प्राप्त झाले. केवळ आडनावावरून या सर्वांचे एक कूळ कल्पिणे सशास्त्र ठरणार नाही.

नामसाम्याचा हाच प्रश्न वाशीमच्या, म्हणजे प्राचीन वत्सगुल्माच्या, इतिहासातही उद्भवतो. अजिंठ्याच्या सोळाव्या लेण्यातील वाकाटक लेख गेओर्ग ब्यूलर यांनी १८८३ साली संपादिला. लेख जीर्ण असल्यामुळे त्यातील सर्वसेनाचे नाव त्यांच्या वाचनात आले नाही. पुढे १९३९ मध्ये वाशीम येथे विंध्यशक्तीचा ताम्रपट उजेडात आला. वाकाटक वंशाचा संस्थापकही विंध्यशक्तीच. तथापि ताम्रपटातील राजा स्वतःस सर्वसेनाचा पुत्र व प्रवरसेनाचा पौत्र म्हणवितो. संस्थापक हा प्रवरसेनाचा पिता होता. अर्थात हा विंध्यशक्ती दुसरा होय. या पुराव्याच्या प्रकाशात वा. वि. मिराशी यांनी अजिंठ्याचा लेख पुन्हा वाचला. त्यात सर्वसेन व त्याचा पुत्र विंध्यसेन ही नावे निश्चित झाली आणि वाकाटकांची वत्सगुल्म शाखा प्रस्थापित झाली.

आडनाव असो वा राजनाम, ते शोधाची दिशा दाखविते. नाते मात्र पिता, पुत्र व स्थान यांच्या लेखी उल्लेखांनीच सिद्ध होते.