सहा डावांचे संग्रहालय

भातकापणी उरकली की म्हसा-मुरबाडकडच्या खाचरांत स्टंप रोवले जातात. लहान पोर गोलंदाजीला आले तर बाकीची पोरे त्याला खुशाल दोन पावले पुढे घेतात. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या विल्यम्सपोर्टला कार्ल स्टॉट्झ यांनी बेसबॉल असाच पोरांच्या अंगाबेताचा करून घेतला. १९३८ साली भाच्यांना आणि शेजारच्या मुलांना घेऊन ते मैदानावर गेले, बेसच्या जागी वर्तमानपत्रे ठेवली आणि मुलांना पळवून पाहत ती मागेपुढे सरकवत राहिले. दोन बेसमधले मोठ्यांचे ९० फुटांचे अंतर मुलांसाठी ६० फूट ठरले. ६ जून १९३९ला पहिला सामना झाला. लंडी लंबर संघाने लायकमिंग डेअरी संघाला २३-८ असे हरवले. ‘लिटल लीग’ची ही सुरुवात.

तिचे संग्रहालय शेजारच्या साउथ विल्यम्सपोर्टला १९८२ पासून आहे. २०१३ मध्ये त्याचे नूतनीकरण झाले. मुलांचा सामना सहा डावांचा, म्हणून दालनांची मांडणीही सहा डावांची. मुलांचा खेळ इतक्या गांभीर्याने जपलेला पाहून मला फार बरे वाटते.

या संस्थेच्या इतिहासात लाजिरवाणी पानेही आहेत. १९५५ साली चार्ल्सटनच्या कॅनन स्ट्रीट वायएमसीएच्या कृष्णवर्णीय मुलांशी खेळायला गोऱ्या संघांनी नकार दिला. सामने न होताच ती मुले विजेती ठरली आणि नियमावर बोट ठेवून त्यांना लिटल लीगची जागतिक स्पर्धा नाकारली गेली. ती त्या स्पर्धेला पाहुणी म्हणून आली, प्रेक्षकांत बसली. ‘यांना खेळू द्या’ असा घोष गर्दीतून उठला, तरी त्यांना खेळू दिले नाही. १९७२ साली होबोकनची मारिया पेपे तीन सामने खेळली आणि मुलगी म्हणून तिला बाहेर काढले. न्यायालयात लढा झाला, आणि १९७४ मध्ये मुलींना दार उघडले. मारियाचे वय तोवर उलटून गेले होते.

आपल्याकडे पुण्यात ‘ब्लेड्स ऑफ ग्लोरी’ हे क्रिकेटचे देखणे संग्रहालय आहे, पण तिथला मान मोठ्या खेळाडूंचा. शालेय क्रिकेट काही कमी नाही. जानेवारी २०१६ मध्ये मुरबाडहून जवळच कल्याणला भंडारी चषकात प्रणव धनावडेने नाबाद १००९ धावा काढल्या आणि इंग्लंडच्या ए. ई. जे. कॉलिन्सचा १८९९ पासूनचा नाबाद ६२८ धावांचा विक्रम मोडला. अशा डावाची पहिली नोंद शाळेच्या स्कोअरबुकातच होते. मुरबाड-शहापूरच्या शाळांनी आपली जुनी स्कोअरबुके, संघांचे फोटो आणि ढाली रद्दीत घालू नयेत. एक कपाट त्यांच्यासाठी आजच मोकळे करावे.