मागील सभेचे इतिवृत्त

ग्रामसभेची नोटीस ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागते तेव्हा तिच्यातला पहिला विषय ठरलेला असतो : ‘मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे.’ आमच्या गावात ते कायम होते, पण वाचले जात नाही. ‘वाचलं असं समजू या,’ असे कोणी तरी म्हणतो, दोघेतिघे मान डोलावतात आणि सभा विषय क्रमांक दोनकडे वळते. यंदा राज्यशास्त्राच्या तासाला सरांनी ‘खुले शासन आणि लोकसहभाग’ हा भाग शिकवला, तेव्हा इतर मुले टिपणे घेत होती आणि मला मात्र ही नोटीस आठवत होती.

पुढे लिहिण्याआधी एक कबुली दिलेली बरी. मी दहावीत असतानाची गोष्ट. ग्रामपंचायतीचा शिपाई ग्रामसभेची हजेरीवही काखेत मारून आमच्या दारात आला. सभा दोन दिवसांपूर्वीच होऊन गेली होती. माणसे जमली नव्हती, पण वही तर भरायला हवी! आई दुसरीतच शाळा सुटलेली, आणि त्या वेळी कांदा लावायला गेलेली. “तुला लिहिता येतंय न्हवं? मग आईची आन् चुलतीची सही तूच करून टाक,” तो म्हणाला. आमच्या घरात इतकी शिकलेली मी पहिलीच. कोणी लिहायला सांगितले की मला अभिमान वाटे. मी दोन्ही नावे वळणदार अक्षरात लिहून दिली. शिपाई ‘शाबास’ म्हणाला. हे गाव कोणते ते मुद्दाम लिहीत नाही. वाचकांपैकी पुष्कळांना ते आपलेच वाटेल.

वास्तविक कायद्याने ग्रामसभेला केवढे मोठे स्थान दिले आहे! ७३ वी घटनादुरुस्ती २४ एप्रिल १९९३ पासून अमलात आली आणि ग्रामसभेला राज्यघटनेत जागा मिळाली. ग्रामसभा म्हणजे सरपंच आणि सदस्य नव्हेत; गावच्या मतदारयादीत नाव असलेला प्रत्येक जण तिचा सभासद. आपल्या राज्यात गणपूर्तीसाठी एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यांपैकी जी संख्या कमी असेल तेवढी माणसे लागतात. गणपूर्ती झाली नाही तर सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला पुन्हा गणपूर्तीची अट नाही. म्हणजे लोक आले नाहीत तरी गाडा अडत नाही. मग गणपूर्ती झाल्याचे दाखवण्यासाठी वही घरोघर कशाला फिरवतात? कारण कागदावर गाव हजर दिसले, की पुढे कोणी विचारायला आले तर ‘हे गावानेच ठरवले’ असे सांगता येते.

कागदाची ही ताकद राजस्थानातल्या मजुरांनी फार आधी ओळखली होती. दुष्काळी कामांवर राबूनही त्यांना किमान मजुरी मिळत नसे. ‘तुम्ही काम कमी केले, मोजमापात तसे लिहिले आहे,’ असे उत्तर मिळे. आणि मोजमाप दाखवा म्हटले की ते सरकारी गुपित! (शासकीय गुपितांचा कायदा १९२३ सालचा, म्हणजे इंग्रजांच्या वेळचा.) १९९० साली स्थापन झालेल्या मजदूर किसान शक्ती संघटनेने, म्हणजे अरुणा रॉय, निखिल डे, शंकरसिंह आणि त्यांच्या गावकरी सोबत्यांनी, खटपट करून काही कागद मिळवले आणि २ डिसेंबर १९९४ रोजी कोट किराना येथे पहिली ‘जनसुनवाई’ भरवली. तिथे भाषणे हा मुख्य कार्यक्रम नव्हता. हजेरीपट घ्यायचा आणि त्यातली नावे लोकांपुढे मोठ्याने वाचायची, एवढेच. एकेक नाव वाचले जाई आणि ज्याचे नाव असे तो उठून सांगे, की मी त्या कामावर कधी गेलोच नाही. अशा सुनावण्यांत मेलेल्या माणसांची नावेही निघाली. पुढे काही गावांत तर सरपंचांनी पैसे परत केले.

मला यातली खरी गोष्ट अशी वाटते. तो हजेरीपट एखाद्या साहेबाने कचेरीत बसून तपासला असता तर त्यात खोट सापडली नसती. बेरीज बरोबर, सह्या बरोबर, शिक्के बरोबर. उलट एखादी मजूर बाई नुसती कचेरीत जाऊन ‘आम्हाला मजुरी मिळाली नाही’ म्हणाली असती, तर तिला पुरावा मागितला असता. कागदाला गाव ठाऊक नाही आणि गावाला कागद ठाऊक नाही. दोघांची गाठ पडली तरच खोटे उघडे पडते. शासन ‘खुले’ करण्यासाठी कपाटाचे दार उघडणे पुरेसे नाही, ते एवढ्यासाठीच.

१९९६ साली ब्यावर येथे याच संघटनेने ४० दिवस धरणे धरले. राजस्थानात माहितीचा कायदा २००० साली झाला. आपल्याकडे अण्णा हजारे यांच्या आंदोलनामुळे महाराष्ट्राचा कायदा आला, तो २००२ चा. सगळ्या देशाचा माहितीचा अधिकार अधिनियम १२ ऑक्टोबर २००५ पासून पूर्णपणे लागू झाला. त्यातली काही कलमे आपल्या घरच्यांना सांगण्याजोगी आहेत. दहा रुपयांचे कोर्ट फी तिकीट लावून साधा अर्ज करता येतो. दारिद्र्यरेषेखालील माणसाला तेही लागत नाही. माहिती कशाला हवी, हे विचारण्याचा अधिकार अधिकाऱ्याला नाही. उत्तर ३० दिवसांत यावे, न आल्यास वरिष्ठाकडे अपील. विनाकारण उशीर केला तर दिवसाला २५० रुपये, जास्तीत जास्त २५,००० रुपये दंड. आणि मला सर्वांत आवडलेले कलम हे, की ज्याला लिहिता येत नाही त्याने तोंडी सांगावे आणि अधिकाऱ्याने ते लिहून काढण्यास मदत करावी! माझ्या आजीने १९७२ च्या दुष्काळात पाझर तलावावर माती वाहिली. सुकडी खाऊन दिवस काढले, आणि ‘सायबाच्या वहीत काय लिवलंय ते देवाला ठावं’ असे ती आजही म्हणते. तिला हे कलम वाचून दाखवले तेव्हा तिचा विश्वास बसेना.

दिवाळीच्या सुट्टीत मी अर्ज केला : अमुक तारखेच्या ग्रामसभेचे इतिवृत्त आणि हजेरी. भाऊसाहेबांनी (आमच्याकडे ग्रामसेवकांना सगळे असेच म्हणतात) विचारलेच, “कशाला पाहिजे गं पोरी?” वडील घरी रागावले. “आपल्याला याच गावात ऱ्हायचंय,” हे त्यांचे म्हणणे काही खोटे नव्हते. दोन आठवडे घरात अबोला होता. सव्विसाव्या दिवशी पानाला दोन रुपये घेऊन नकला मिळाल्या. हजेरीत आईचे नाव, अक्षर माझे. आणि पाणंद रस्त्याचे मुरमीकरण समाधानकारक झाल्याच्या ठरावाखाली लिहिले होते : अनुमोदक, माझी आई.

संध्याकाळी ओट्यावर मी ते वाचून दाखवले. चुलती होती, शेजारच्या तिघी होत्या. “अनुमोदक म्हंजी काय?” आईने विचारले. मी सांगितले. ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “त्याच रस्त्यानं डोक्यावर भारा घेऊन मी चिखल तुडवीत येते.” कागद समजायला मला दोन वर्षे राज्यशास्त्र शिकावे लागले; रस्ता तिला पाठच होता.

अर्थात सहभाग म्हणजे नुसते खोटे पकडणे नव्हे. गडचिरोली जिल्ह्यात धानोरा तालुक्यातले मेंढा (लेखा) हे गोंड आदिवासींचे गाव. ‘दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही तिथली घोषणा. तिथे निर्णय बहुमताने नव्हे तर सर्वसहमतीने होतात आणि त्याआधी अभ्यासगटात बसून विषय समजून घेतला जातो. देवाजी तोफा आणि गावकऱ्यांनी २००९ साली सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळवला. २०११ मध्ये बांबूच्या वाहतुकीचा परवाना देण्याचा अधिकारही ग्रामसभेकडे आला. तिथे इतिवृत्त खोटे लिहायचे तर फसवायचे कोणाला, असा प्रश्न पडावा!

आमचे गाव तिथवर गेलेले नाही. २६ जानेवारीच्या सभेला आई आणि त्या चौघी गेल्या. मीही कॉलेजातले झेंडावंदन बुडवून गेले. पहिला विषय पुकारला गेला. नेहमीप्रमाणे कोणी तरी म्हणाले, वाचलं असं समजू या. मागच्या रांगेतून आई म्हणाली, “वाचा की भाऊसाहेब, ऐकतो आम्ही.” थोडी कुजबुज झाली, कोणी हसले. मग भाऊसाहेबांनी चष्मा लावला आणि वाचायला सुरुवात केली. वीस-बावीस मिनिटे लागली. दोन ठिकाणी बायांनी थांबवले आणि दोन नावे खोडावी लागली. जुन्या ठरावातले आईचे नाव मात्र अजून तसेच आहे. त्याबद्दलचा अर्ज पंचायत समितीकडे दिला आहे. त्या अर्जात मी माझ्या त्या सहीचेही लिहिले आहे.