प्रगती-अहवालातील रिकामे स्तंभ

बांधकामाच्या मोजमाप-पुस्तिकेचे महत्त्व ग्रामपंचायतीच्या सदस्यांना नव्याने सांगण्याचे कारण नाही. रस्ता तयार असतो, त्यावरून ट्रॅक्टर ये-जा करीत असतात. तथापि पुस्तिकेत मोजमापाची नोंद नसेल तर देयक पुढे सरकत नाही. संगणक प्रणाली तयार करण्याच्या कामातही असाच अनुभव येतो. दाखले देण्याची, शाळेच्या हजेरीची किंवा करवसुलीची प्रणाली बाहेरील संस्थेकडून करून घेताना कार्यालयाकडे ठरावीक मुदतीने प्रगतीचा अहवाल येतो. त्यात कधी एखाद्या पंधरवड्याचा स्तंभच नसतो, तर कधी स्तंभ असून त्याची उंची शून्य असते. मग बैठकीत साहजिकच विचारले जाते की, या पंधरवड्यात काम झालेच नाही काय? पुष्कळदा काम झालेले असते, पण अहवालाच्या मोजणीत ते आलेले नसते. हा भेद लक्षात न घेता मुदत वाढविण्याचे, दंड आकारण्याचे किंवा माणसे बदलण्याचे निर्णय घेतले गेल्यास ते चुकीच्या आकड्यांवर आधारलेले ठरतात.

पंधरवड्याच्या धावा

मोठे काम एकदम हाती न घेता त्याचे लहान लहान टप्पे पाडावयाचे, प्रत्येक टप्प्याच्या अखेरीस वापरता येईल असा काही भाग पूर्ण करावयाचा आणि तो पाहून पुढचे ठरवावयाचे, अशी ही पद्धती आहे. तिला ‘अजाइल’ म्हणतात. फेब्रुवारी २००१ मध्ये अमेरिकेतील युटा राज्यात स्नोबर्ड येथे सतरा तज्ज्ञ एकत्र आले व त्यांनी या विचाराचा जाहीरनामा तयार केला. तिच्यातील सर्वांत प्रचलित प्रकार ‘स्क्रम’ हा त्याहून जुना असून केन श्वाबर व जेफ सदरलँड यांनी तो १९९५ मध्ये मांडला होता. स्क्रममधील प्रत्येक टप्प्यास ‘स्प्रिंट’, म्हणजे छोटी धाव, असे नाव आहे. तिची मुदत एक महिन्याहून अधिक नसते. बहुतेक ठिकाणी ती दोन आठवड्यांची असते.

धावेच्या आरंभी संघ काही कामे पत्करतो. प्रत्येक कामाच्या आकारमानाचा अंदाज ‘स्टोरी पॉइंट’ या गुणांत मांडला जातो. धाव संपल्यावर किती गुणांचे काम कबूल केले होते व किती पूर्ण झाले, हे दोन स्तंभांनी दाखविणारा आलेख निघतो, त्यास गती-आलेख म्हणतात. या नोंदी ठेवण्यासाठी ‘जिरा’ ही प्रणाली अनेक ठिकाणी वापरतात. ऑस्ट्रेलियातील ॲटलासियन या कंपनीने ती २००२ मध्ये बाजारात आणली. पुढील विवेचन मुख्यतः तिला अनुसरून केले आहे.

दोन स्तंभ काय सांगतात

आकडे हरवले असे वाटताच नोंदी चाळीत बसण्याची घाई करू नये. तूट कोणत्या स्तंभात आहे, हे प्रथम पाहावे. कारणाचा माग बहुधा तेथेच लागतो.

समजा, एका धावेसाठी संघाने ४० गुणांची कामे पत्करली आणि त्यांपैकी ३४ गुणांची पूर्ण केली. गती-आलेखात मात्र कबूल ३२ व पूर्ण २१ असे आकडे आले. पूर्ण झालेल्या कामात १३ गुणांची तूट आहे, परंतु तिला एकच कारण नाही. आठ गुण दोन्ही स्तंभांतून गेले आहेत. उरलेले पाच केवळ दुसऱ्या स्तंभातून.

जे दोन्हीकडून गेले, त्यांचा अंदाजच प्रणालीस मिळालेला नसतो. संघाने एका मोठ्या कामाचे चार पोटभाग पाडले आणि प्रत्येकी दोन गुण त्या पोटभागांवर लिहिले, मूळ कामापुढील जागा मात्र कोरी राहिली, असे येथे घडलेले असू शकते. पोटभागांवरील गुण गती-आलेखात धरले जात नाहीत. मूळ कामावर लिहिलेले गुणच मोजले जातात. अशी चूक जाणत्या मंडळींच्या हातूनही होते, कारण पोटभागांची बेरीज प्रणाली आपोआप करीत असेल अशी प्रत्येकाची समजूत असते. दुसरे कारण याहून फसवे आहे. जिरामध्ये प्रकल्पाच्या प्रकारानुसार ‘स्टोरी पॉइंट्स’ व ‘स्टोरी पॉइंट एस्टिमेट’ अशा सारख्याच नावाच्या दोन जागा आढळतात. फलक एका जागेतील आकडे मोजतो आणि संघाने आकडे भरलेले असतात दुसऱ्या जागेत. पडद्यावर पाहणाऱ्यास आकडा स्पष्ट दिसतो, म्हणून शंकाही येत नाही.

केवळ पूर्णतेच्या स्तंभातून गेलेल्या पाच गुणांची गोष्ट वेगळी आहे. काम पूर्ण झाले की नाही, हे प्रणाली त्याच्या स्थितीला दिलेल्या नावावरून ठरवीत नाही. फलकावर डावीकडून उजवीकडे रकाने असतात. त्यांतील सर्वांत उजवीकडच्या रकान्याशी जोडलेल्या स्थितीत काम पोचले, तरच ते पूर्ण समजले जाते. संघाने मध्येच ‘तपासणी पूर्ण’ अशी नवी स्थिती निर्माण केली व ती शेवटच्या रकान्यास जोडण्याचे राहून गेले, तर त्या स्थितीतील कामे अहवालात अपूर्ण दिसतात.

तिसरा प्रकार याच्या उलट आहे. कबूल कमी आणि पूर्ण अधिक, असा आलेख पाहून अधिकारी कित्येकदा संतुष्ट होतात. वस्तुतः तेथेही नोंद राहिलेलीच असते. धाव सुरू होते त्या क्षणी जे गुण लिहिलेले असतील तेवढेच कबूल कामात धरले जातात. नंतर भरलेला अंदाज अथवा नंतर घातलेले काम पहिल्या स्तंभात येत नाही. पूर्ण झाल्यास दुसऱ्यात मात्र येते. म्हणून ज्या संघाचा दुसरा स्तंभ धावेमागून धाव पहिल्याहून उंच असतो, त्याच्या कर्तबगारीचे कौतुक करण्यापूर्वी नियोजन कोणत्या दिवशी होते, याची चौकशी करणे श्रेयस्कर.

संपूर्ण धावच दिसत नसेल तर

अशा वेळी गुणांचा विचार बाजूस ठेवावा. सर्वांत साधे कारण म्हणजे धाव रीतसर बंद केलेली नसते. दिनदर्शिकेप्रमाणे मुदत संपली तरी धाव बंद झाल्याची नोंद होईपर्यंत गती-आलेखात तिला स्थान मिळत नाही. पाहणाऱ्यास त्या प्रकल्पाच्या नोंदी वाचण्याचा अधिकार दिलेला नसेल, तरीही कामे दिसत नाहीत. संघाच्या प्रमुखास भरलेला आलेख दिसतो व कार्यालयातील अधिकाऱ्यास रिकामा दिसतो, तेव्हा प्रथम हीच बाब तपासावी.

याहून अधिक घोटाळा चाळणीमुळे होतो. प्रत्येक फलकास एक चाळणी जोडलेली असते. कोणत्या प्रकल्पाची, कोणत्या विभागाची कामे येथे दाखवावयाची, हे ती ठरविते, आणि फलकाचा अहवालही तिच्यातून गेलेल्या कामांचाच बनतो. येथे ध्यानात ठेवण्याजोगी बाब अशी की, जुन्या धावेचा अहवाल आज उघडला तरी चाळणी आजचीच लागते. वर्षाच्या मध्यावर चाळणी बदलली, किंवा काही कामे दुसऱ्या प्रकल्पाकडे वर्ग केली, तर सहा महिन्यांपूर्वी बरोबर असलेला अहवाल आज उणा दिसतो. शाळा सोडून गेलेल्या विद्यार्थ्यांची नावे वगळून गतवर्षीचा निकाल पुन्हा काढावा, तसा हा प्रकार आहे. त्या कामांच्या नोंदी नष्ट झालेल्या नसतात. कामाचा क्रमांक घालून शोधल्यास त्या सापडतात. क्रमांकाने सापडते पण अहवालात येत नाही, अशी स्थिती असेल तर दोष नोंदीत नसून चाळणीत किंवा रकान्यांच्या जोडणीत आहे, असे समजण्यास हरकत नाही.

नोंद कधी झाली, यालाही महत्त्व आहे. काम शुक्रवारी झाले, त्याच सायंकाळी धाव बंद झाली आणि पूर्णतेची नोंद सोमवारी केली गेली, तर ते काम त्या धावेत अपूर्णच राहते. पुढील धावेत ते वर्ग केलेले असल्यास तिच्या खात्यावर जमा होते. एक धाव अशक्त व दुसरी अकारण सशक्त दिसते ती यामुळे.

भरपाईचा मोह

उणीव ध्यानात आल्यावर मागील गुण भरून आलेख सुधारून घ्यावा, अशी सूचना बैठकीत हमखास पुढे येते. ती मान्य करू नये. बंद धावेचा हिशेब कामाच्या इतिहासावरून, त्या वेळी असलेल्या आकड्यांवरून होतो. नंतर भरलेल्या गुणांनी मागचा स्तंभ साधारणतः वाढत नाही, उलट मूळ नोंदींवरील विश्वास मात्र कमी होतो. रकान्यांची चुकलेली जोडणी वा चाळणी दुरुस्त करणे ही गोष्ट निराळी. तीही कोणी, कोणत्या तारखेस व कशासाठी केली, हे लिहून ठेवूनच करावी. ज्या कामाचा अंदाजच केलेला नव्हता, ते अहवालाखाली टिपेत नमूद करणे अधिक प्रामाणिकपणाचे होय.

गुणांवरून देयक ठरविण्याची प्रथा मुळातच धोक्याची आहे. गुण हे एकाच संघाने स्वतःच्या नियोजनासाठी ठरविलेले सापेक्ष माप आहे. एका संघाचे पाच गुण दुसऱ्याच्या पाच गुणांइतके नसतात. गुणांवर पैसे मिळू लागले की तेच काम पुढच्या धावेत आठ गुणांचे ठरू लागते. देयकासाठी प्रत्यक्ष चालणारा भाग तपासावा. हजेरीची प्रणाली असेल तर ती एखाद्या शाळेत शिक्षकांकडून चालवून पाहावी.

धाव ज्या दिवशी बंद होते त्याच दिवशी अहवालाची एक प्रत काढून धारिकेत लावण्याची पद्धत कार्यालयांना सहज स्वीकारता येईल. प्रतीवर फलकाचे नाव, त्या दिवशीची चाळणी व शेवटच्या रकान्यास जोडलेल्या स्थिती एवढे लिहिलेले असावे. पुढे केव्हाही स्तंभ रिकामा दिसला तर आजचा अहवाल व त्या दिवसाची प्रत शेजारी ठेवून काय बदलले ते काही मिनिटांत कळू शकते.