आधी पाठ, मग भाष्य

संपादकांची फर्माईश अशी, की धर्म आणि तत्त्वज्ञान या विषयांच्या मराठीतल्या शंभर वर्षांच्या अभ्यासाचा आढावा घ्या. विषय एवढा आणि पानं मोजकी! ज्यांचा उल्लेख अनवधानानं राहील त्यांनी राग मानू नये. ज्यांचा मुद्दाम टाळला आहे, त्यांना ते कळेलच.

असल्या लेखाची सुरुवात वाईपासून करायची प्रथा आहे, ती मी मोडत नाही. केवलानंद सरस्वतींचा सात खंडांचा मीमांसाकोश आणि तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींच्या संपादनाखाली 1937 साली सुरू झालेला धर्मकोश, ही एका लहानशा गावातल्या पाठशाळेनं उचललेली कामं आहेत, हे आज पटवून द्यावं लागतं. तिकडे म. म. काण्यांनी 1930 ते 1962 या काळात धर्मशास्त्राचा इतिहास पाच खंडांत लिहून संपवला, 1963 साली भारतरत्न झाले. पण तो ग्रंथ इंग्रजीत आणि धर्मकोश संस्कृतात. मराठी वाचकाच्या हातात थेट आलं ते तर्कतीर्थांचं ‘वैदिक संस्कृतीचा विकास’. 1951 सालचं हे पुस्तक साहित्य अकादमीचा मराठीतला पहिला पुरस्कार घेऊन गेलं आणि अजूनही नवं वाटतं.

तत्त्वज्ञानाचं म्हणाल, तर गुरुदेव रानड्यांचा महाराष्ट्रातल्या संतांवरचा ग्रंथ 1933 साली आला, तोही इंग्रजीतच. दे. द. वाडेकरांच्या संपादनातला तीन खंडांचा मराठी तत्त्वज्ञान महाकोश 1974 साली निघाला. मे. पुं. रेगे ‘नवभारत’मधून लिहीत होते तोवर मराठीत तात्त्विक वाद कसा घालावा याचा वस्तुपाठ दर महिन्याला घरपोच मिळत होता. 1983 साली पुण्यात रेग्यांनी जुन्या वळणाचे नैयायिक, मीमांसक आणि पाश्चात्त्य तत्त्वज्ञान शिकवणारे प्राध्यापक एका बैठकीत बसवले आणि बर्ट्रंड रसेलच्या सिद्धान्तांवर शास्त्रीबुवांना बोलतं केलं. अशी बैठक पुन्हा पुन्हा व्हायला हवी होती. बाकी विद्यापीठीय तत्त्वज्ञानाबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. कांट आणि शंकराचार्य यांच्या तुलनेत आमच्या दोन पिढ्या निवृत्त झाल्या.

धर्मानंद कोसंबींसाठी मात्र थांबायला हवं. गोव्यातल्या साखवाळचा हा माणूस पाली शिकायला घर सोडून सिंहलद्वीपापर्यंत गेला, हार्वर्डला विसुद्धिमग्गाच्या संपादनाला बसला आणि परत येऊन बुद्धाचं चरित्र लिहिलं ते मराठीत. आधी मूळ ग्रंथ शुद्ध करून घ्यायचा, मग त्यावर बोलायचं, हा त्यांचा क्रम. पुण्यात भांडारकर संस्थेत सुखटणकरांनी महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीसाठी हाच क्रम लावून दिला. पहिलं पर्व 1933 साली पुरं झालं आणि मूळ संहितेचं काम 1966 साली तडीला गेलं. माझं जुनं दुखणं इथूनच सुरू होतं. संस्कृत महाकाव्यासाठी एवढी निगुतीनं पोथ्या जुळवणाऱ्या या महाराष्ट्रानं आपल्या पहिल्या गद्यग्रंथाला काय दिलं?

महानुभाव पंथाच्या लीळाचरित्राबद्दल बोलतो आहे. माझे मित्र म्हणतात, याला कुठल्याही विषयावर लिहायला सांगा, हा महानुभावांच्या ऋद्धिपूरला पोचतोच. पोचतो, कारण रस्ता तिथूनच जातो.

पंथाचे प्रवर्तक चक्रधरस्वामी यांच्या पश्चात त्यांचे शिष्य नागदेवाचार्य यांच्या सांगण्यावरून म्हाइंभटांनी आठवणी गोळा केल्या, त्या ज्यानं पाहिलं-ऐकलं त्याला गाठून, प्रत्येकाकडून पडताळून. पंथाची परंपरा सांगते की पुढे दिल्लीच्या फौजांच्या धामधुमीत मूळ पोथी गहाळ झाली आणि शिष्यांनी आपापल्या पाठांतरातून ग्रंथ पुन्हा उभा केला. अर्थात पाठ वेगळे झाले. आता हे लोक काय करतात पाहा. एक लीळा सांगून झाली की तिच्याखाली ‘वासना’ म्हणून दुसऱ्या परंपरेचा पाठ नोंदवतात. अमुक हिराइसेच्या पाठात असं आहे, तमुक रामेश्वरबासांच्या पाठात तसं आहे. जिथे उलगडा होत नाही तिथे ‘शोधु’ असं लिहून प्रश्न मोकळा ठेवतात. पाठचिकित्सा आपण युरोपाकडून शिकलो असं ज्यांना वाटतं, त्यांनी या चार-दोन लीळा तळटिपांसारख्या वाचून पाहाव्यात.

हे सारं ‘सकळ’ या सांकेतिक लिपीत होतं. पंथाबाहेर कुणाला वाचता येईना, म्हणून बाहेर कुजबुज आणि कुचाळकी. राजवाड्यांनी लिपीची किल्ली शोधली, भाव्यांनी ‘महाराष्ट्र सारस्वता’त या वाङ्मयाला हक्काची जागा दिली, यवतमाळच्या य. खु. देशपांड्यांनी 1925 साली त्याची पहिली नीटस मांडणी केली, नागपूरच्या ह. ना. नेन्यांनी लीळाचरित्र छापायला घेतलं. मग आले वि. भि. कोलते. ‘महानुभाव तत्त्वज्ञान’ 1945 साली, ‘महानुभावांचा आचारधर्म’ 1948 साली आणि अखेर 1978 साली शासनाच्या साहित्य संस्कृती मंडळातर्फे लीळाचरित्राची संपादित आवृत्ती. तिच्यातल्या काही लीळांवर पंथातून आक्षेप आले, वाद कोर्टापर्यंत गेला. मला दोन्ही बाजूंची कदर आहे. श्रद्धावंताच्या घरातली पोथी अभ्यासकाच्या टेबलावर आली की असं होणारच. पण त्या भांडणाचा धडा असा घेतला गेला की पुढे पाठाच्या वाटेला कुणी जायचंच नाही.

तत्त्वज्ञानाच्या लोकांनी या वाङ्मयाकडे पाठ फिरवली, याचं मला अधिक वाईट वाटतं. जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर हे चार पदार्थ अनादी आणि परस्परांहून भिन्न. देवता कितीही थोर असली तरी मोक्ष देऊ शकत नाही, तो अधिकार एकट्या परमेश्वराचा. एवढ्या एका सिद्धान्तावर सूत्रपाठ, त्यावर लक्षणबंद, विचारबंद, आचारबंद अशी भाष्यांची उतरंड मराठीत रचली गेली, संस्कृतच्या कुबड्या न घेता. द्वैताचा असा कडेकोट विचार ज्या भाषेत आहे, तिच्या तत्त्वज्ञानाच्या अभ्यासक्रमात त्याला एक प्रश्नपत्रिकासुद्धा मिळू नये?

त्याऐवजी जे मिळतं ते घोषणांचं. एक पक्ष तीन अवतरणं घेऊन चक्रधरांना समाजक्रांतीचा जाहीरनामा लिहायला लावतो. आचाराची बहुतेक सूत्रं संन्यास घेतलेल्या साधकाला उद्देशून आहेत, संसारी माणसाला नाहीत, हे बघायला त्याला सवड नाही. दुसरा पक्ष महाराष्ट्रधर्म म्हणजे पंढरीची वारी आणि बाकी सारं आडवाटेचं, असं धरून चालतो. दोघांनाही पोथी उघडायची गरज पडत नाही, यातच त्यांचं सख्य आहे.

पोथी उघडली ती परक्यांनी. लंडनचे रेसाइड 1960 साली महानुभाव ग्रंथांची सूची करून बसले. अमेरिकेच्या ॲन फेल्डहाउस यांनी सूत्रपाठावर 1983 साली पुस्तक काढलं, चक्रधरांचे गुरू गोविंदप्रभू यांचं चरित्र आणि स्मृतिस्थळ इंग्रजीत नेलं आणि शं. गो. तुळपुळ्यांबरोबर 1999 साली जुन्या मराठीचा कोश सिद्ध केला. माझ्या टेबलावरच्या त्या कोशाची बांधणी सुटली आहे, पुस्तकाला याहून मोठं प्रशस्तिपत्र नसतं.

कोलत्यांनी संपादिलेली ‘स्थानपोथी’ घेऊन गोदाकाठानं हिंडायचा नाद मला बरीच वर्षं होता. स्वामी कुठे बसले, कुठे निजले, देऊळ कोणत्या दिशेला तोंड करून होतं, पटीशाळा कुठे, ओटा कुठे, हे सारं त्या चिमुकल्या ग्रंथात टिपलेलं आहे. चौदाव्या शतकातल्या गावोगावच्या देवळांची अशी पाहणी दुसऱ्या कुठल्या साधनात मला आढळलेली नाही. देवळांच्या इतिहासावर जाडजूड ग्रंथ लिहिणारे हिला हात लावत नाहीत, कारण पंथाची पोथी म्हटलं की ती फक्त भाविकांची, असा एक आळशी समज आहे.

हा आळस ज्यांना शिवला नाही त्यांत रा. चिं. ढेरे पहिले. ‘लज्जागौरी’ 1978 सालचं, ‘श्रीविठ्ठल : एक महासमन्वय’ 1984 सालचं. गवळी-धनगरांच्या देवापासून पंढरपूरच्या विठ्ठलापर्यंतची वाट त्यांनी पुराणं, शिलालेख, ओव्या, कुलाचार यांच्या आधारानं काढली. पट्टणकोडोलीच्या देवळात विठ्ठल आणि बीरदेव शेजारी नांदतात हे हजारो लोक रोज बघत होते, पण त्याचा अर्थ विचारायला ढेरे लागले. जर्मनीहून आलेले कायद्याचे पंडित सोन्थायमर धनगरांच्या वाड्यांवर बसून बिरोबा-म्हस्कोबाच्या ओव्या ध्वनिमुद्रित करत होते. त्यांचं पुस्तक 1976 साली जर्मनीत निघालं. या दोघांवर ‘देवाचं कूळ काढतात’ म्हणून तोंडसुख घेणारे तेव्हाही होते. काही आता मोठ्या पदांवर आहेत.

ख्रिस्तपुराणाचं एवढंच सांगतो, की 1616 साली गोव्यात छापलेल्या या ओवीबद्ध मराठी धर्मग्रंथाला आमचे धर्मेतिहासकार अजून भाषेच्या खात्यातच टाकतात. सदानंद मोऱ्यांचं ‘तुकाराम दर्शन’ आणि शरद पाटलांची मांडणी यांवर इतरत्र पुष्कळ लिहिलं गेलं आहे.

आजचं चित्र? मध्यंतरी एका विद्यापीठात मौखिक परीक्षेला गेलो होतो. प्रबंध संतसाहित्यातल्या देवकल्पनेवर, पानं चारशेच्या वर. उमेदवाराला विचारलं, अवतरणं कुठल्या प्रतीवरून घेतली? उत्तर मिळालं, ‘सर, गाइडनी पीडीएफ दिली होती.’ गाइड शेजारीच चहा पीत होते. पदवी मिळाली, पेढेही मिळाले.

मोडी वाचणारे दस्तऐवजांपुरते तरी उरले आहेत, सकळ लिपी सराईतपणे वाचणारे पंथाच्या मठांबाहेर शोधावे लागतात. मठांमध्ये पोथ्यांची दप्तरं आहेत, महंतांपैकी अनेकांचं पाठांतर आणि वाचन आमच्या प्राध्यापकांना लाजवील असं आहे. आता ऋद्धिपूरलाच मराठी भाषा विद्यापीठ उभं राहिलं आहे, मराठीला 2024 साली अभिजात दर्जाही मिळाला. कमानी, कोनशिला, परिसंवाद होतील ते होवोत. पण पहिल्या वर्गात लिपी शिकवा, शिकवायला महंतांना मानधन देऊन बोलवा आणि हिराइसेचा आणि रामेश्वरबासांचा पाठ समोरासमोर छापायला घ्या. अनुदानाचा अर्ज लिहायला माणूस हवा असेल तर संपादकांकडे माझा पत्ता आहे.