सड्यावरचे दोन शिकारी (लेखांक ६)

उंब्रजहून चाफळमार्गे सडावाघापूरला चढलं, की खाली कृष्णा-तारळीकाठचा ऊस आणि वर वीतभरही माती नसलेला जांभ्याचा सडा, असा पालट दिसतो. हा सडा कसा घडला ते गेल्या लेखांकात पाहिलं. अशाच सड्यावर, साताऱ्याजवळच्या कास पठारावर, पावसाळ्यात दवबिंदू आणि सीतेची आसवं उगवतात. दोन्ही कीटकभक्षी. जगातल्या अजब वनस्पतींचा विषय निघाला, की लोक सुमात्रातल्या अवाढव्य रॅफ्लेशियाचं नाव घेतात. माझ्या मते एवढं लांब जायला नको. आणि या दोघांतही जास्त नवल आहे ते आसवांचं, ज्यांच्याकडे शिकारी म्हणून कुणी पाहतच नाही.

दवबिंदूचं काम उघड्यावर चालतं. बोटभर रोप, पानांवर तांबूस केस, प्रत्येक केसाच्या टोकाला चिकट, लखलखता थेंब. चिलट त्यावर टेकलं की पाय अडकतो; ते जितकं धडपडतं तितके आजूबाजूचे केस त्याच्यावर वाकतात आणि पाचकरसात ते हळूहळू विरतं. चार्ल्स डार्विनने १८७५ च्या आपल्या ग्रंथाचा मोठा भाग याच कुळाला दिला. आसवांची शिकार मात्र जमिनीखाली. वर निळं-जांभळं फूल वाऱ्यावर डुलत असतं. या वनस्पतीला खरी मुळंच नसतात. ओल्या मातीत पसरलेल्या धाग्यांवर खसखशीएवढे, काही त्याहून बारीक फुगे असतात. फुगा आतलं पाणी बाहेर टाकतो, भिंती आत ओढल्या जातात, दार घट्ट मिटलेलं राहतं. सूक्ष्म जीवाचा धक्का दाराला लागला, की ते आत उघडतं आणि जीव पाण्यासकट खेचला जातो. तिच्या पाण्यातल्या भाऊबंदांत हे सारं सेकंदाच्या हजाराव्या हिश्शाच्या आत उरकतं. डार्विनला हा फुगा चकवून गेला. जीव स्वतःच दार ढकलून शिरतात, असं त्याने मानलं. दवबिंदूचा एकेक केस पारखणारा माणूस इथे चुकला, म्हणून मी आसवांना वरचं स्थान देतो.

कुणी म्हणेल, अशा फुग्यांत पुष्कळदा शेवाळच सापडतं, मग ही कसली शिकार? शेवाळ सापडतं हे खरं. पण नुसतं शेवाळ गोळा करायला झटक्याने उघडणारं दार आणि धक्का ओळखणारी यंत्रणा कशाला लागेल? दुसरा आक्षेप जास्त वजनदार: पानं हिरवी आहेत, अन्न उन्हात तयार होतं, मग किडे कशाला? ऊसकऱ्याला हे समजावून सांगावं लागणार नाही. भाकरी उन्हातून मिळते. किड्यातून मिळतं ते खत. सड्यावरची चिमूटभर माती मुसळधार पावसात धुऊन निघते, नत्र-स्फुरद टिकत नाही. डार्विनचा मुलगा फ्रान्सिस याने १८७८ साली दवबिंदूची काही रोपं मांसाचे कण देऊन आणि काही न देता वाढवली. मांस मिळालेल्यांनी बी कितीतरी जास्त धरलं. म्हणूनच सडा ‘नापीक’ म्हणून सुधारायला निघालेल्यांची मला धास्ती वाटते. तिथे खत पडलं तर आधी गवत माजेल, आणि बोटभर उंचीची ही रोपं त्याच्या सावलीत ऊन न मिळाल्याने मरतील.